सोयरीक, सीमा आणि सीडॉ

पुणे-हैदराबाद महामार्गावर तेलंगणातलं जहिराबाद सोडलं की थोड्याच वेळात मन्नाएखेळ्ळी लागते. पुढे हुमनाबाद, मग बसवकल्याणचा फाटा आणि त्यानंतर महाराष्ट्रातलं उमरगा. दोन-अडीच तासांच्या या रस्त्यावर तीन राज्यं येतात. निर्णा हे गाव मन्नाएखेळ्ळीपासून आतल्या बाजूला, चिटगुप्पा तालुक्यात आहे. बिदर जिल्हा इथे संपत येतो आणि खाली कलबुर्गीचा चिंचोळी तालुका सुरू होतो. घरात कन्नड, बाजारात दखनी, देवळात मराठी आणि तांड्यावर लमाणी अशी या भागाची भाषा. पाहुणेरावळे तिन्ही राज्यांत.

समजा, सोळा वर्षांच्या एका मुलीचं लग्न मन्नाएखेळ्ळीत लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वरात निघाली. तरी कायद्याच्या लेखी ते लग्न झालेलंच नाही. हेच लग्न, याच मुलीचं, याच मुलाशी, उमरग्यात किंवा जहिराबादेत लागलं तर ते झालं. गुन्हा झाला, हे तिन्ही ठिकाणी खरं. मांडववाले, भटजी, काजी, आईबाप यांच्यावर खटला भरता येतो. पण लग्नाचं काय, या प्रश्नाला महाराष्ट्रात आणि तेलंगणात उत्तर असं, की ते लग्न आहे, मुलगी स्वतः कोर्टात जाऊन रद्द करून घेईपर्यंत आहे. कर्नाटकात उत्तर असं, की ते पहिल्या क्षणापासून शून्य आहे.

हा फरक कुठून आला, हे समजून घेताना आपण बिदरहून थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत जातो. वाटेत मुंबईचं हायकोर्ट लागतं, पुण्याचे टिळक लागतात आणि दिल्लीने १९९३ साली केलेलं एक निवेदनही लागतं. रूढी आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क यांच्यातला झगडा म्हटलं की आपल्याला एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला जिनिव्हातली सुटाबुटातली माणसं दिसतात. माझ्या मते हे चित्र चुकीचं आहे. झगडा घरातलाच आहे. जिनिव्हा फक्त त्यातल्या सर्वात धाकट्या माणसाची बाजू कागदावर लिहून ठेवते.

आधी सीमेबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही सीमा नव्हतीच. उदगीर, निलंगा, अहमदपूर, जहिराबाद, नारायणखेड हे सगळे हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातले तालुके. भाषावार प्रांतरचनेत जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या, सोयरिकींच्या झाल्या नाहीत. उदगीरची लेक भालकीला आणि चिटगुप्प्याची सून जहिराबादहून, हे आजही चालू आहे. त्यात गैर काहीच नाही. गैर होतं ते वयाच्या बाबतीत, आणि तिथे ही सीमा फार उपयोगी पडते.

सीमेचा असा उपयोग या मुलखाला नवा नाही. १९२९ चा शारदा कायदा, म्हणजे मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा, १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या मुलखाला तो लागू नव्हता. सोलापुरात जे लग्न गुन्हा ठरे, ते गाडीने काही स्टेशनं पुढे, गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, हद्दीत, शारदा कायद्याच्या कक्षेबाहेर असे. त्या काळी देशभर असे चतुर वधूपिते संस्थानांच्या हद्दीत जाऊन मुलींचे हात पिवळे करत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं आणि पुढच्या काही वर्षांत भारताचे कायदेही आले. योगायोग असा की त्याच वर्षी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या सोळाव्या कलमात लिहिलं आहे की विवाह दोन्ही पक्षांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच व्हावा. हा जाहीरनामा निव्वळ गोऱ्या माणसांनी लिहिला, असं म्हणणाऱ्यांनी हंसा मेहतांची आठवण ठेवावी. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे शब्द होते. ते बदलून ‘सर्व मानव’ असं करायला लावलं ते भारताच्या या प्रतिनिधीने.

जाहीरनामा बंधनकारक नव्हता, करार असतात. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्यासाठीचा करार आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे सीडॉ म्हणतात. भारताने त्यावर ३० जुलै १९८० रोजी सही केली, पण त्याला मान्यता दिली ९ जुलै १९९३ रोजी. तेरा वर्षं विचार केला, असं म्हणायला हरकत नाही. आणि मान्यता देताना सोबत निवेदनं जोडली.

ही निवेदनं बारकाईने पाहण्यासारखी आहेत. सीडॉचं पाचवं कलम म्हणतं की एका लिंगाला वरचं आणि दुसऱ्याला खालचं मानणाऱ्या सामाजिक-सांस्कृतिक रीती सरकारने बदलायच्या. सोळाव्या कलमाचा पहिला भाग म्हणतो की लग्नात, संसारात आणि काडीमोडीत स्त्री-पुरुषांना समान हक्क, आणि जोडीदार निवडण्याचा हक्कही समान. या दोन्हींवर भारताने लिहून दिलं की, आम्ही हे पाळू, पण कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबतीत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचं आमचं धोरण सांभाळून. सोळाव्या कलमाच्या दुसऱ्या भागात तीन गोष्टी आहेत: बालकाचा वाङ्‌निश्चय आणि विवाह यांना कायद्याने काहीही परिणाम नसावा, विवाहाचं किमान वय ठरवावं आणि विवाहनोंदणी सक्तीची करावी. इथे भारताने फक्त तिसऱ्या गोष्टीवर हात वर केले: तत्त्व मान्य, पण एवढ्या मोठ्या, नाना चालीरीतींच्या आणि कमी-जास्त साक्षरतेच्या देशात ते व्यवहार्य नाही.

आता गंमत पाहा. नोंदणी व्यवहार्य नाही असं केंद्राने १९९३ मध्ये जगाला सांगितलं. कर्नाटकात विवाहनोंदणीचा कायदा १९७६ सालचा आहे, म्हणजे सीडॉच्याही आधीचा. महाराष्ट्राने १९९८ मध्ये केला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा, असे आदेश सर्व राज्यांना दिले. निवेदन मात्र जागच्या जागी आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निवेदनात जे नाही ती. बालविवाहाला कायदेशीर परिणाम नसावा, या वाक्यावर भारताने कोणतीही सवलत मागितलेली नाही. ते वाक्य आपण जसंच्या तसं स्वीकारलं आहे. तरीही २००६ चा केंद्रीय बालविवाह प्रतिबंधक कायदा करताना संसदेने त्या लग्नाला परिणाम ठेवला. कलम ३ प्रमाणे ते लग्न रद्द करून घेता येतं, तेही त्या मुलीच्या किंवा मुलाच्या अर्जावरून, आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. हिंदू विवाह कायद्यातही तेच: किमान वय लिहिलेलं आहे, पण ते मोडलं म्हणून लग्न शून्य होत नाही.

असं का केलं असावं? एक कारण माणुसकीचं आहे, त्याकडे पुढे येऊ. दुसरं कारण ‘समाजाच्या संमतीशिवाय नाही’ या जुन्या सवयीचं आहे, आणि ती सवय १९९३ ची नाही. १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने हिंदी प्रजेला वचन दिलं की तुमच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. सत्तावनच्या दणक्यानंतर इंग्रजांना ते सोयीचंच होतं. पुढची तीस-चाळीस वर्षं स्त्रियांसंबंधी कोणताही कायदा आला की हे वचन त्याच्यासमोर उभं केलं गेलं.

रखमाबाईंचा खटला याच काळातला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नांदायला जायला नाही म्हणाली. लहानपणी माझ्या संमतीवाचून झालेलं लग्न मला बांधील नाही, एवढंच तिचं म्हणणं. दादाजीने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी आदेश दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंग पत्करायला तयार झाली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती लंडनला शिकून डॉक्टर होऊन आली. ज्या हक्काला सीडॉने १९७९ मध्ये कलम दिलं, तो हक्क मुंबईच्या सुतार जातीतल्या एका मुलीने जवळजवळ शंभर वर्षं आधी मागितला होता, आणि त्यासाठी तिला कोणत्याही परदेशी संस्थेने पढवलेलं नव्हतं.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा केलं, फक्त दोन वर्षांनी वाढवलं, तरी पुण्यात केवढं रान पेटलं. टिळकांचा मुद्दा असा की सुधारणा समाजाने आपणहून करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. त्यांना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की सोळा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणार नाही, अशी प्रतिज्ञा ज्यांना घ्यायची त्यांनी स्वेच्छेने घ्यावी, हा प्रस्तावही त्यांचाच होता. परकं सरकार गेलं. युक्तिवाद मात्र राहिला आणि एकशे दोन वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारने तोच संयुक्त राष्ट्रांना पाठवला. समाजाचा पुढाकार, समाजाची संमती. माझा आक्षेप एवढाच आहे की या वाक्यातला समाज कधीही सोळा वर्षांची मुलगी नसतो. समाज म्हणजे पंच, भावकी, मामा, आजोबा, मठाचे स्वामी, जमातचे सदर. जिच्या संमतीचा प्रश्न आहे, तिला सोडून बाकी सगळ्यांची संमती असं या धोरणाचं प्रत्यक्षातलं रूप होतं.

बिदर-कलबुर्गी पट्ट्यातल्या सोयरिकी कशा जुळतात हे पाहिलं म्हणजे हे अधिक कळेल. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटलं आहे. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत आतेभावाला मामाची मुलगी चालते, पण मामाने भाचीशी लग्न करायचं म्हटलं तर लोक कानावर हात ठेवतील. आणि कर्नाटकात शिरलं की मामा-भाचीचं लग्न अनेक जातींत मानाचं. त्या मामाला कन्नडमध्ये सोदरमावा म्हणतात आणि अक्काच्या पोरीवर त्याचा पहिला हक्क. या सीमेवर दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात; एकाच गल्लीत एका घराला जे पाप ते दुसऱ्या घराला पुण्य.

आता कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत मामा-भाची हे निषिद्ध नातं आहे, पण दोघांच्या रूढीत ते चालत असेल तर लग्न वैध. म्हणजे इथे कायद्याने रूढीला चक्क पाट मांडून बसवलं आहे. मात्र त्याच कायद्यात रूढी कशाला म्हणायचं, याची चाळणीही आहे: ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, अवाजवी नको आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नको. आंतरराष्ट्रीय करारांनाही मामा-भाचीच्या नात्याशी देणंघेणं नाही. सीडॉला दोनच गोष्टी विचारायच्या असतात: वय काय आणि तिला विचारलं का? घोटाळा असा की ‘हक्काची’ मुलगी पाळण्यातच ठरलेली असते. तिला न्हाण आलं की मामाकडचे निरोप सुरू होतात. तिला विचारायचं कशाला, तिला तर पाळण्यापासून माहीत आहे! नात्याची रूढी कायदेशीर आहे, पण तिच्या पोटात बिनसंमतीचं आणि बिनवयाचं लग्न लपून बसतं. ज्यांना रूढी विरुद्ध हक्क असा सरळ सामना पाहायचा असतो, त्यांची इथे पंचाईत होते.

असं लग्न लागतं कसं, तेही एकदा जवळून पाहावं. मांडव घालत नाहीत, पत्रिका छापत नाहीत. कार्यक्रमाला साखरपुडा म्हणतात, कधी वाढदिवस, कधी देवकार्य. पहाटे चार-साडेचारला, देवघरासमोर, जवळच्या पंचवीस-तीस माणसांत अक्षता टाकून मोकळे होतात. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी. विचारणारा आला तर सोयीची ती दाखवायची. कुणीतरी १०९८ वर फोन केला आणि अंगणवाडीच्या ताई, पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), पोलीस वेळेवर आले, तर आईबाप अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून देतात. मंडळी जेवून जातात. मग महिन्या-दोन महिन्यांनी मुलगी मावशीकडे म्हणून सीमेपलीकडे जाते, आणि परतते ती गळ्यात मंगळसूत्र घालून. पलीकडच्या गावच्या ग्रामसेवकाला, जो महाराष्ट्रात गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, इकडच्या हमीपत्राचा पत्ताही नसतो.

आईबाप दुष्ट असतात असं मुळीच नाही. कामाला पुण्या-मुंबईला, हैदराबादला जायचं तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा तांड्यावरच्या आणि कोरडवाहू रानावरच्या माणसाचा खरा प्रश्न आहे. मराठवाड्यात ऊसतोडीची उचल जोडप्याला मिळते. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि लग्न झालं की एक कोयता तयार होतो. आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला आणि एसटीची वेळ जुळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली होती त्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ आणि कर्नाटकात २१.३ टक्के निघालं. पुरोगामी म्हणवणाऱ्या दोन्ही राज्यांत पाचातली एक. त्यात बीड-परभणीसारख्या जिल्ह्यांचा आकडा महाराष्ट्राच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे. एवढी मोठी गोष्ट केवळ अज्ञानाने घडत नसते.

हेतू चांगला असला म्हणून रीत निरुपद्रवी ठरत नाही, हे कलबुर्गीने २६ डिसेंबर २०१९ रोजी पाहिलं. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. शहराजवळच्या ताजसुलतानपुरात अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं गेलं. ग्रहणात असं केलं की अपंगत्व जातं ही समजूत. पुरणारे त्या मुलांचे आईबापच, आणि मूल चालावं, बोलावं एवढीच त्यांची आस. बालहक्क कराराचं चोविसावं कलम सांगतं की मुलांच्या आरोग्याला घातक अशा पारंपरिक रीती संपवण्यासाठी सरकारने पावलं उचलावीत. भारत १९९२ पासून या कराराने बांधलेला आहे. त्या कलमात आईबापांचा हेतू काय होता, हा प्रश्नच नाही. कर्नाटकाचा अघोरी प्रथाविरोधी कायदा २०१७ मध्येच मंजूर होऊन पडला होता. तो लागू झाला जानेवारी २०२० मध्ये, त्या ग्रहणानंतर थोड्याच दिवसांनी.

देवाला मुलगी वाहण्याची रीत हे याच घरातलं दुसरं भावंड. तीही विवाहच मानली जाते आणि तीही लहानपणीच उरकतात. १९८२ च्या कायद्याने कर्नाटकाने असं वाहणं बेकायदा आणि शून्य ठरवलं. अशा स्त्रीने पुढे लग्न केलं तर ते रूढीच्या कारणाने अवैध ठरणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं. तरी १९९३-९४ आणि २००७-०८ या दोन सरकारी सर्वेक्षणांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली. कागदावर शून्य झालेली गोष्ट गावात लगेच शून्य होत नसते. पण कागदावर शून्य असल्यामुळेच त्या बायकांना संघटना बांधून सरकारकडे पेन्शन आणि घर मागता आलं, हेही तितकंच खरं.

मग आंतरराष्ट्रीय करार गावात पोचतात तरी कसे? आपल्याकडे करारावर सही झाली म्हणजे तो आपोआप कायदा होत नाही. संसदेला किंवा विधानसभेला कायदा करावा लागतो, नाहीतर न्यायालयाने करार वाचून कायद्यातली फट भरावी लागते. असं फट भरण्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण बालविवाहातूनच आलं, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारी कार्यक्रमातली ‘साथिन’. १९९२ मध्ये तिने गावातला एका तान्ह्या मुलीचा विवाह रोखायचा प्रयत्न केला आणि त्याची शिक्षा म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा निकाल दिला आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची नियमावली थेट सीडॉचा आधार घेऊन घालून दिली. आज प्रत्येक कचेरीत जी तक्रार समिती असते, तिचं मूळ एका गावातल्या रूढीशी झालेल्या भांडणात आहे.

कर्नाटकाची वाट निराळी होती. उच्च न्यायालयासमोरच्या एका याचिकेतून निवृत्त न्यायमूर्ती शिवराज पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने २०११ मध्ये अहवाल दिला. शिफारसीतली मुख्य गोष्ट अशी की बालविवाह शून्य ठरवा. विधिमंडळाने २०१६ मध्ये दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती २०१७ मध्ये आली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निकाल दिला आणि त्यात कर्नाटकाचं कौतुक करून इतर राज्यांनी हा कित्ता गिरवावा असं सुचवलं. महाराष्ट्राने तो अजून गिरवलेला नाही. रखमाबाईंच्या राज्याला हे शोभत नाही, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

आता ते माणुसकीचं कारण. लग्न मुळातच शून्य म्हटलं तर सतराव्या वर्षी कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या मुलीचं काय? केंद्रीय कायद्यातली पोटगीची, मुलांच्या ताब्याची आणि त्यांच्या औरसतेची कलमं न्यायालय लग्न रद्द करेल तेव्हा काय करायचं, या हिशोबाने लिहिलेली आहेत. जिथे रद्द करायला लग्नच उरलेलं नाही, तिथे ती कलमं ओढूनताणून लावावी लागतात. नवऱ्याने हात झटकले तर तो म्हणणार, लग्नच झालं नव्हतं. हा धोका खरा आहे आणि कर्नाटकाने या मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगळं, स्वच्छ कलम घालायला हवं होतं. पण त्यावरचा इलाज लग्न जिवंत ठेवणं हा नव्हे. लग्न शून्य ठेवूनही पोटगी आणि औरसता देता येते. दोन गोष्टी एकमेकींच्या गळ्यात बांधायचं कारण नाही.

धर्माचा प्रश्नही इथे येतोच. बिदर-कलबुर्गीत मुस्लिम वस्ती मोठी आहे, आणि वैयक्तिक कायद्यात मुलगी वयात आली की तिचा निकाह वैध, हा युक्तिवाद कोर्टात नेहमी होतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की बालविवाहाचा कायदा मुस्लिमांनाही लागू आहे. इतर उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहावर सविस्तर निकाल दिला, तेव्हाही वैयक्तिक कायदा वरचढ की बालविवाहाचा, हा गुंता सोडवायचं टाळलं. मात्र त्या निकालात एक गोष्ट आपल्या सीमाभागाला फार लागू पडणारी आहे. अल्पवयात केलेल्या वाङ्‌निश्चयाबद्दल आपला कायदा मुका आहे, सीडॉ मात्र मुका नाही, हे न्यायालयाने दाखवून दिलं आणि संसदेने बालवाङ्‌निश्चयावर बंदीचा विचार करावा असं म्हटलं. पाळण्यातल्या शब्दाला पहिल्यांदाच कुणीतरी हात घातला.

रूढी बदलत नाही, हा समज असेल तर दोन उदाहरणं देतो. आफ्रिकेतल्या मलावीत डेड्झा जिल्ह्याच्या पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिंडामोटो यांनी आपल्या हाताखालच्या गावप्रमुखांना जमवून शेकडो बालविवाह मोडले आणि मुलींना शाळेत परत पाठवलं. रूढीने दिलेली गादीच त्यांनी रूढीविरुद्ध वापरली. दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. निर्ण्यापासून जवळच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात, हरळय्या या चर्मकार शरणाच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न झालं. रूढी मोडली म्हणून तिथल्या बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला आणि कल्याणात क्रांती झाली, असं परंपरा सांगते. ज्या मातीत लग्नासाठी माणसं अशी उभी राहिली, त्या मातीतल्या लोकांना संमतीचा अर्थ परदेशातून शिकवावा लागतो असं म्हणणं हा या मातीचाच अपमान आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीने भारताला ही निवेदनं मागे घ्या, असं पुन्हापुन्हा सांगितलं आहे, २०१४ च्या अहवालातही सांगितलं. ती मागे घेतल्याने निर्ण्यातलं एकही लग्न उद्या सकाळी थांबणार नाही. पण ‘समाजाच्या संमतीने’ हे शब्द सरकारी कागदावरून निघाले, तर कोर्टात उभ्या असलेल्या मुलीच्या वकिलाला एक अडथळा कमी होईल.

तोवर सीमेवरच्या वाचकांनी एक कलम लक्षात ठेवावं. २००६ च्या कायद्याचं कलम १३. बालविवाह ठरला आहे किंवा होऊ घातला आहे, अशी माहिती कुणीही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला देऊ शकतं; शिक्षिका, शेजारी, मावशी, ती मुलगी स्वतः. त्यावरून मनाई हुकूम निघाला आणि तो मोडून लग्न लावलं, तर कलम १४ प्रमाणे ते लग्न मुळातच शून्य ठरतं, आणि हे कलम केंद्रीय कायद्यातलं असल्याने उमरग्यातही लागू आहे, जहिराबादेतही. म्हणून नुसत्या हमीपत्रावर समाधान मानू नका, मनाई हुकूम मागा. आणि ज्या मुलीचं लग्न महाराष्ट्रात किंवा तेलंगणात आधीच लावून दिलं गेलं आहे, तिला सांगा की जिल्हा न्यायालयात ते रद्द करून घेण्याची तिची मुदत वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंतच आहे.